मथुरेला आखाजीला पाठव

धुळे,
चैत्र वद्य तृतीया, शके १८५५

चि. सौ. भिकू हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी इथे बरी आहे. तू, पोरं, रुपचंदराव सगळे बरे असाल असं धरून चालते. माघापासून तुझी काहीच खबर नाही. हे पत्र टपालाने पाठवत नाही. उखर्डूदादा नेहमीसारखा पळसाची पानं आणि टोपल्या घेऊन आला आहे. उद्या गाडी जुंपून पिंपळनेरला परत निघेल, त्याच्या हाती देते. तो तुझ्याखेरीज कुणाला देणार नाही. जवळ कुणी नसेल तेव्हा वाच. आबांनी आपल्या दोघींना शाळेत घातलं तेव्हा भावकी हसली होती. हसू देत.

आधी दुकानाचं सांगते. पाडवा गेला. चाफ्याच्या माळा खपल्या, दवणाही बरा गेला. शेवंती केव्हाच संपली. गुलाब येतो पण आखूड देठाचा, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. ओलं पोतं दोनदा बदलावं लागतं. रामनवमीचा मोठा हार यंदा माझ्याकडून गेला नाही, दुसरीकडे सांगितला होता. लग्नसराई तोंडावर आली तरी मुंडावळ्यांना अजून कुणी सांगून गेलेलं नाही. ऊन फार आहे. गिऱ्हाईक कमी आहे ते उन्हामुळे असेल.

उन्हामुळे नाही, भिकू. तुला खोटं कशाला लिहू?

तुझे दाजी असल्यापासून माझं सगळं फूल देवपूरच्या मळ्यातून यायचं, हे तुला ठाऊक आहे. मळा चुडामणचा. तो तुझ्या ठगूचा नवरा झाला तेव्हा मी म्हटलं होतं, आता मळा घरचाच झाला. पोलिसात माझा जबाब झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने फूल बंद केलं. मग आपल्या जातीतल्या पंचांनी ठरवलं की मंजुळेच्या दुकानातला हार घरात आणायचा नाही. विधवेच्या हातचा हार इतकी वर्षं देवाला चालला, आता चालेना. मी आता अवधानच्या तोतारामकडून फूल घेते. त्याचा वाफा लहान आहे पण माणूस सरळ आहे. माझं गिऱ्हाईक म्हणजे आता बाहेरगावचे, मुसलमान मोहल्ल्यातले लोक, दर्ग्याच्या चादरी आणि शेजारच्या सज्जनबाई. गौतमचंद कापडवाल्यांची ती बायको. देवळात न्यायला रोज फुलं माझ्याकडूनच घेते. नवरा कुरकुरतो, तरी घेते.

एवढंच लिहून थांबावं असं मनात होतं. तुझं दुःख उकरायचं नाही असं ठरवून बसले होते. पण आता लिहिल्याशिवाय भागणार नाही, कारण काल एक गोष्ट कानावर आली. ती सांगण्याआधी मागचं सांगावं लागेल. तू कोर्टातून गेलीस ती माझ्याकडे न बघता गेलीस, त्यामुळे आपलं बोलणं झालंच नाही.

आश्विनात ते घडलं तेव्हा दुकानात दसऱ्याच्या झेंडूचे ढीग होते. चुडामणचा माणूस आला आणि दारातूनच म्हणाला, "तुमची पोर विहिरीत पडली." मी हातातली माळ तशीच टाकून गेले. पोलीस येऊन गेले, पंचनामा झाला, दवाखान्यात नेऊन आणली. तुझी गाडी यायला अवकाश होता आणि ते लोक घाई करत होते. सवाष्णीला विधवेने न्हाऊ घालू नये म्हणून बायका कुजबुजल्या. मी म्हटलं, मी तिची मावशी आहे, कुणी हात लावू नका. परसात चटया आडव्या लावून मी एकटीने तिला न्हाऊ घातलं. तिची पाठ मी पाहिली, भिकू. पंचांनी लिहिलं होतं, विहिरीच्या दगडांनी खरचटलं. दगडाने चिमट्यासारखा डाग कसा पडेल? काही डाग जुने होऊन पांढरे पडले होते, काही ओले होते. मनगट सुजलेलं होतं. पंधरा वर्षांची पोर आणि कातडी म्हातारीसारखी.

तुझ्याआधी आईची दोन गेली म्हणून तुझं नाव भिकू ठेवलं. तुझी आधीची दोन गेली म्हणून तू पोरीला ठगू म्हणालीस, यमाला ठकवायला. यमाला ठकवलंस, पण तिला नेलं ते माणसानेच.

दहाव्याला पांझरेवर आपण दोघीच खाली पाण्याजवळ बसलो होतो. मी तुला पाठीचं सांगितलं. मला वाटलं तू किंचाळशील. तू पाण्यात बघत राहिलीस आणि म्हणालीस, "अक्का, माले माहीत व्हतं. पोयाले ऊनी तवय तिनी पाठ दखाडी. मी हयद लावी, आनी परत धाडी दिनी."

पोळ्याला आली तेव्हा तिने पाठ दाखवली, तू हळद लावलीस आणि परत पाठवलंस. त्यावर मी तुला एक शब्द बोलले नाही. तुझ्या जागी दुसरी कोण काय करणार होती? घरी ठेवून घेतली असतीस तर रुपचंदरावांनी दोघींना बाहेर काढलं असतं. पण त्याच वेळी तू मला म्हणालीस, "कोठेबी इचारू दे, मी सांगसू." त्या शब्दावर मी पोलिसात गेले. माझ्या एकटीच्या जबाबाला काय किंमत, पण आईने सांगितलं असतं की पोरीने जिवंतपणी पाठ दाखवली होती, तर साहेबाला ऐकावं लागलं असतं.

कोर्टात तुला विचारलं, "मुलीने कधी तक्रार केली होती का?"

तू म्हणालीस, "नाही साहेब. माझी मुलगी सासरी सुखात होती."

अगदी शाळेतल्या धड्यासारखं शुद्ध बोललीस. तू कधी असं बोलत नाहीस. तेव्हाच मला कळलं की हे तुझं बोलणं नाही, पढवलेलं आहे. तुझ्या मागे रुपचंदराव उभे होते आणि तुझ्या कडेवर धाकटा पोरगा होता. हे सगळं मला दिसत होतं. तरी मी तुझा राग केला. कबूल करते. होळीपर्यंत मी तुझं नाव तोंडात घेतलं नाही. सज्जनबाईंनी एकदा विचारलं, बहिणीचं काय म्हणणं, तर मी म्हटलं, मला बहीण नाही. चुडामण सुटला, त्याच्या माणसांनी कोर्टाच्या दारात त्याला हार घातला. झेंडूचा, त्याच्याच मळ्यातला.

आता कालचं ऐक. तोताराम रोजच्यासारखा फूल घेऊन आला. मी त्याला म्हटलं, वैशाखात मोगऱ्याची कळी जास्त लागेल, एखादं लग्न मिळालं तर मिळालं. तो खाली बघत म्हणाला, "बाई, वैशाखातला माझा सगळा मोगरा आधीच सांगून ठेवलेला आहे."

"कुणी सांगितला?"

"चुडामणनानांनी. त्यांचा स्वतःचा पुरत नाही. सबंध मांडव मोगऱ्याचा करायचा आहे म्हणतात, घोड्याला जाळीसुद्धा मोगऱ्याची."

"कुणाचं लग्न?"

"त्यांचंच." त्याने टोपलीवरचं पोतं सारखं केलं. मग म्हणाला, "मुलगी पिंपळनेरचीच आहे बाई. पहिलीची धाकटी बहीण, असं ऐकलं. अक्षय्य तृतीया, आखाजी झाली की मुहूर्त आहे."

माझ्या हातात सुई होती, ती बोटात गेली.

भिकू, मथुरेला बारावं लागलं आहे. तो पन्नाशीच्या पुढे आहे. त्याच घरात, त्याच विहिरीवर तिला पाणी भरायला लावणार. हे तुला ठाऊक आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. ठाऊक असेल तर तू झोपत नसशील. रुपचंदराव काय म्हणत असतील ते मला इथे बसून ऐकू येतं: मोठं घर, मळा, थोरल्या मुलाला तिथे कामाला लावून घेणार, आणि कोर्टात अब्रू राखली ती पुढेही राखायला हवी. दुसरी मुलगीही त्याच घरात दिली की लोक म्हणतील, बघा, बापालाच संशय नाही. या लग्नाने ठगूचं मरण पुन्हा झाकलं जाणार.

मी तुला पुन्हा कोर्टात उभी राहा म्हणत नाही. एकच मागते. मथुरेला माझ्याकडे पाठव.

आखाजीला माहेरवाशिणी माहेरी येतात. आई-आबा गेल्यावर तुझं माहेर म्हणजे माझंच घर. तुला ते येऊ देणार नाहीत. म्हणून पोरीलाच पाठव. रुपचंदराव लग्नाचा बस्ता बांधायला धुळ्याला येतीलच. ते मोटारीने निघाले की उखर्डूदादाची गाडी तुमच्या आळीच्या टोकाला उभी राहील. पोरीने पाण्याची कळशी घेऊन निघावं, कळशी विहिरीवर ठेवावी आणि गाडीत बसावं. रस्त्यात कुणी विचारलं तर ती त्याची नात. त्याला मी सगळं सांगितलं आहे. तो फक्त एवढंच म्हणाला, "ती थोरली पोर मना हातनी टोपली मागे. मी लई जासू." तो तिला आणेल.

चौदा वर्षांखालच्या पोरीचं लग्न लावायला सरकारने बंदी केली आहे. कुणी पाळत नाही, पण कुणी अर्ज केला तर साहेबाला बोलावणं काढावं लागतं. पोर माझ्याजवळ आली की मी अर्ज करेन. ती त्यांच्या घरात असेल तर अर्ज करूनही उपयोग नाही, ते रातोरात अक्षता टाकून मोकळे होतील.

यात तुझं काय होईल ते मी लिहीत नाही. तुलाही माहीत आहे, मलाही. तू नाही पाठवलीस तर मी तुला काही बोलणार नाही. पण तेव्हा मला हळद लावायला बोलावू नकोस. ती हळद कुठलीही असो.

वाचून हे चुलीत घाल.

वाट पाहणारी,
तुझी अक्का


धुळे,
वैशाख वद्य पंचमी, शके १८५५

भिकू, माझ्या बाई,

पहिल्यांदा तेच लिहिते जे तुला वाचायचं आहे. मथुरा माझ्याकडे आहे. दोन वेळा जेवते. सुरुवातीला कुणी दारात आलं की टोपल्यांमागे जाऊन बसायची, आता बसत नाही. तुझी आठवण काढते पण माझ्यासमोर रडत नाही. सज्जनबाईंजवळ रडते. ते बरं आहे, कुठेतरी रडावं.

आखाजीच्या आदल्या दिवशी उखर्डूदादाची गाडी आली. पोर पानांच्या भाऱ्यांवर बसून आली, अंगभर धूळ, ओठ फुटलेले. मी विचारलं, आईने काय सांगितलं? म्हणाली, "आईनी सांगं, मांगे देखू नको." तुझ्या गळ्यातली डोरल्याची वाटी तिच्या परकराच्या नाडीला बांधलेली सापडली. ती मी ठेवली आहे, मोडणार नाही.

आखाजीला सकाळीच रुपचंदराव आले. बरोबर चुडामणचा पुतण्या पुना आणि आणखी दोन जण. गावभर झोके बांधलेले, बायका गाणी म्हणत चाललेल्या, आणि हे चौघे आग्रा रोडवर माझ्या दुकानात शिरले. रुपचंदराव म्हणाले, "पोर काढा बाहेर."

मी म्हटलं, "पोर माझी आहे. तिच्या आईने पाठवली आहे."

"आईला कोण विचारतो?"

पुनाने पायाने टोपली उलटवली. आखाजीच्या घागरींसाठी बांधून ठेवलेले हार होते, सगळे रस्त्यात गेले. ते तुडवून तो आत यायला लागला. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने मला ढकललं, खांबावर डोकं आपटलं. फार लागलं नाही. माणसं जमली होती पण कुणी पुढे येईना. आपल्या जातीतले तर पाठ फिरवून उभे होते.

तेवढ्यात मथुरा आपणहून बाहेर आली. तुझी ती मुकी मथुरा, जिला पाव्हण्यांसमोर पाणी द्यायला पाठवलं तरी दारातूनच परत फिरायची. ती बापासमोर उभी राहिली आणि एवढ्या मोठ्याने बोलली की झोक्यावरच्या बायका थांबल्या.

"माले नही जानं! ताईनी पाठ मी बी देखेल शे! पोयाले आई हयद लाई ऱ्हायनी व्हती, मी दारमाईन देखं!"

रुपचंदरावांनी हात उगारला. तो खाली आला नाही. का आला नाही ते मला सांगता येणार नाही. सगळा बाजार बघत होता म्हणून, की आपली मेलेली पोर त्यांना तेव्हाच पहिल्यांदा दिसली म्हणून. पुनाच तेवढा ओरडला, "पोर शिकवलेली आहे!"

तेव्हा सज्जनबाई आपल्या पायऱ्या उतरून आल्या. चारचौघांत त्या घुंगट कधी वर करत नाहीत, त्या दिवशी केला. मथुरेचा हात धरला आणि पुनाला म्हणाल्या, "छोरी म्हारे घरात राहील. आता लाव हात, बघते." गौतमचंदशेठ आतून "अगं, अगं" करत आले आणि बायकोचं तोंड बघून बाजूला सरकले. त्यांच्या घरात शिरायची पुनाची छाती झाली नाही. त्या घरच्या उधारीवर अर्ध्या देवपूरची लुगडी येतात.

अर्ज गौतमचंदशेठच्याच वकिलांनी लिहिला. मी अंगठा लावत नाही, सही करते, हे पाहून कारकुनाने दोनदा माझ्याकडे बघितलं. चुडामणला बोलावणं गेलं. तुरुंगाचं नाव निघाल्यावर तो म्हणाला, असलं लग्न ठरलंच नव्हतं, बाईचा गैरसमज झाला. साहेबाने ताकीद दिली. पोर आता मावशीकडे राहील असं रुपचंदरावांकडून लिहून घेतलं. त्यांनी खाली मान घालून सही केली आणि मथुरेकडे न बघता गेले.

इथवरच लिहिलं तर वाटेल सगळं बरं झालं. तसं नाही, भिकू. चुडामणचं लग्न झालं. त्याच मुहूर्तावर. तळोद्याकडची मुलगी आणली. वय पंधरा सांगितलं, कोण तपासणार? वरात मुद्दाम माझ्या दुकानावरून नेली. घोड्यावर मोगऱ्याची जाळी होती, तोतारामच्या कळीची. त्याच्या हातचं ओवणं मी ओळखते, केळीच्या सोपाच्या धाग्यात दोन कळ्या पाठीला पाठ लावून बांधतो. तोताराम दुसऱ्या दिवशी आला तेव्हा माझ्याकडे बघेना. मी त्याला काही म्हटलं नाही. त्याने फूल नाही दिलं तर दुसरा देईल. मागच्या गाडीत नवरी होती. खाली मान, मुंडावळ्यांतून तोंड दिसलं नाही, हात तेवढे दिसले. लहान होते.

मी एका पोरीला ओढून घेतलं आणि त्या जागी दुसरीला उभं केलं, असं मला त्या वेळी वाटलं. सज्जनबाई म्हणाल्या, असं वाटून घेऊ नका, पाप त्याचं आहे. खरं आहे त्यांचं. तरी वाटतं.

मग उखर्डूदादाने तुझी खबर आणली. त्याला विचारून विचारून काढावी लागली. रुपचंदरावांनी तुला कोठीच्या खोलीत डांबलं, उजवा हात मोडला. तो वैदूने कसातरी बांधला आहे आणि वाकडा बसतो आहे. हे त्याने सांगितलं. नंतर म्हणाला, त्याआधी पंच जमले होते, पोर पळवली म्हणून तुला चावडीवर उभं केलं होतं. पाटलाने विचारलं, असं का केलंस? आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मी कोरटमा खोटं बोलनू. मनी ठगूले त्यासनी मारं. दुसरी मी नही देवाऊ."

मी ते त्याच्याकडून परत परत बोलवून घेतलं. तू पढवलेलं बोलत नव्हतीस, ते तुझं बोलणं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी वकिलांकडे गेले. आई आता खरं सांगायला तयार आहे म्हटलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, बाई, प्रेत जळलं, दवाखान्याचा कागद बुडून मेल्याचा आहे, आणि तीच आई आधी शपथेवर उलटं बोलली आहे. आता ती बोलली तर खोट्या साक्षीबद्दल तिलाच धरतील. त्याला काही होणार नाही. म्हणजे तुझं खरं आता सरकारात चालत नाही. मी तिथून घरी कशी आले ते मला आठवत नाही.

तुला माझ्याकडे ये म्हणून लिहिणार होते. पण दोन्ही पोरगे तिथे आहेत, ते तुला नेऊ देणार नाहीत आणि तू त्यांना टाकून येणार नाहीस. म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगते की मी जिवंत आहे तोवर दार आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. हे मी मथुरेला सांगितलेलं नाही.

परवा मी देवपूरला गेले, चुडामणच्या घरी. ठगूला उचलून नेलं त्यानंतर मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. चुडामण मळ्यात गेल्याचं तोतारामकडून कळलं होतं. टोपलीत दोन वेण्या घेतल्या होत्या, कुणी अडवलं तर सांगायला की नव्या नवरीला वेणी आणली. ओट्यावर चुडामणची म्हातारी आई बसली होती. मला वाटलं ती आरडाओरडा करेल. तिने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू शे का?" मग म्हणाली, "जा. मधमा शे ती." आणि काठी घेऊन उठली, बाहेर लिंबाखाली जाऊन बसली, घराकडे पाठ करून.

नवरी माजघरात तांदूळ निवडत होती. देवका नाव तिचं. पंधरा नाही, भिकू, तेराच्या वर नसेल. मी तिच्या मागे बसून केस विंचरले, वेणी माळली. पाठीवर हात फिरला तेव्हा ती दचकली नाही. अजून दचकायला शिकलेली नाही. मी तिला हळूच सांगितलं की आग्रा रोडला कापडवाल्यांच्या शेजारी माझं दुकान आहे, मंजुळा फुलवाली म्हणून कुणालाही विचार, कोणत्याही वेळी ये, काही न सांगता ये.

ती ऐकत राहिली. दाराकडे एकदा बघून घेतलं. मग सुपातले तांदूळ तसेच हातात धरून विचारलं, "मावशी, पहिली जी व्हती, ती पाय घसरीसन हिरमा पडनी ना? माले इठे समदा तसंच सांगतस."

एवढ्या लहान पोरीला काय सांगावं? तिला याच घरात राहायचं आहे, याच विहिरीचं पाणी प्यायचं आहे. पण कुणी ठगूला सांगितलं असतं तर? तुला खरं बोलायला हात मोडून घ्यावा लागला, मला तर नुसतं तोंड उघडायचं होतं.

मी म्हटलं, "नाही बाळ. पडली नाही."

तिने मान हलवली आणि तांदूळ निवडायला घेतले. मी निघाले तेव्हा माझ्यामागे दारापर्यंत आली, आणि रस्त्याचं वळण कुठे लागतं ते विचारून घेतलं.

हाताला जप. वाकडा बसला तरी जप.

ठगूची मावशी,
मंजुळा